धोरणाचं आहे, मी बघतो

सुरतेच्या नवागामात कुणाच्या पोराचा दाखला अडला, किंवा आधार कार्डावरची जन्मतारीख शाळेतल्या तारखेशी जुळेना, की लोक कुंदन सरांच्या घराची पायरी चढत. येताना त्यांच्याकडे एक साधा प्रश्न असे. जाताना त्यांच्याकडे तोच प्रश्न असे आणि वर देशातल्या शिक्षणाचं पुढे काय होणार याची काळजीही असे. ती सर आपल्याकडून बांधून देत, त्याचं काही घेत नसत.

कुंदन सुकलाल देवरे पालिकेच्या मराठी शाळेत पाचवीला शिकवतात. वडील सुकलाल आबा शिंदखेड्याकडून तरुणपणी सुरतेला आले आणि पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवता रंगवता म्हातारे झाले. मुलगा मास्तर झाला याचा आबांना अभिमान होता, पण तो मास्तर नेमकं काय बोलतो हे समजून घ्यायचा नाद त्यांनी लवकरच सोडला होता.

सरांना एकच व्यसन. अद्ययावत राहणं. लोक सकाळी उठून देवाला हात जोडतात, सर मोबाइल हातात घेतात. गुजरातचं परिपत्रक, महाराष्ट्राचा शासन निर्णय, दिल्लीचा मसुदा, त्या मसुद्यावरची कुणा निवृत्त प्राचार्यांची ध्वनिफीत, सगळं दात घासायच्या आत. यातला महाराष्ट्राचा भाग त्यांना काडीचाही लागू नव्हता. तरी नंदुरबार जिल्ह्यात बदल्यांचे नियम बदलले की झोप नवागामात उडायची. तिकडं तिसऱ्या भाषेवरून वाद पेटला, तेव्हा इकडं सरांचं जेवण तुटलं होतं.

मिळालेलं ज्ञान एकट्यानं खाऊ नये म्हणून त्यांनी 'शिक्षण अद्ययावत' नावाचा ग्रुप काढला होता. त्यात शाळेतले सगळे शिक्षक होते आणि सगळ्यांनी त्याचा आवाज बंद ठेवला होता. मुख्याध्यापक वसंत सर निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. ते एकदा म्हणाले होते, "कुंदन, परिपत्रक माझ्या टेबलावर यायच्या आधी तू मला ते समजावून सांगतोस. मग ते येतं, आणि त्यात भलतंच काहीतरी निघतं."

"सर, आपण मसुद्यापासून मागे राहिलो की मागेच राहतो."

"अरे, पण मी मसुदा अमलात आणून बसलो होतो ना मागच्या वर्षी."

प्रत्येक प्रशिक्षणात सरांचा एक विनोद ठरलेला. नवीन शिक्षक दिसले की ते चहाचा कप खाली ठेवत आणि म्हणत, "महाराष्ट्रात सरकार धोरण बदलतं. गुजरातेत पोरगं दरवर्षी धोरण बदलतं." मग थांबत. नवीन शिक्षक महाराष्ट्रातून आलेला असला तर त्याला समजावून सांगत की गुजरातीत धोरण म्हणजे इयत्ता. पहेलुं धोरण, पहिली. बीजुं धोरण, दुसरी. आणि आपलं ते जे धोरण, त्याला हे लोक नीती म्हणतात. जुने शिक्षक हा विनोद सुरू झाला की खिडकीबाहेर बघत. हा विनोद इथं सांगून ठेवलेला बरा, कारण पुढं त्याच विनोदानं सरांना गाठलं.

सरांचं सगळ्यात आवडतं कलम मातृभाषेचं. पाया मातृभाषेत घातला पाहिजे, असं नवं शैक्षणिक धोरण म्हणतं, हे ते रोज कुणाला तरी सांगत. लूमवर काम करणारा उखा गल्लीतच राहतो. तो एकदा मुलाची चौकशी करायला आला.

"सर, पोऱ्याले साळात घ्यातस का?"

सरांनी पाच अधिक तीन अधिक तीन अधिक चार अशी रचना सांगितली. मेंदूचा विकास कुठल्या वयात किती होतो ते सांगितलं. एक जूनला सहा वर्षं पूर्ण का लागतात, पहिलीच्या आधीचं बालवाटिकेचं वर्ष कशासाठी आणलं, सगळं सांगितलं. उखा मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "ते बठ्ठं खरं शे. पन घ्यातस का?"

"घेतो ना. आपली मराठी शाळा आहे. मातृभाषेत घाल, डोळे झाकून."

"आन तुमनी पोर कोठे जास, सर?"

आता उखानं हे काही खवचटपणानं विचारलं नव्हतं. पण सरांना उचकी लागली. त्यांची मृणाल जात होती इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत, बालवाटिकेला. निळा पिनाफोर, गळ्यात ओळखपत्र, पिवळी व्हॅन. "तिची आई पर्वत पाटियाला कामाला जाते," सर म्हणाले, "शाळा वाटेवर पडते." मग जरा थांबून म्हणाले, "धोरणात पालकांच्या सोयीचाही विचार आहे."

मृणालची आई उज्ज्वला पांडेसऱ्यातच वाढलेली. सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात साड्यांच्या एका पेढीत ती बिलं करते. दिवसभर गुजरातीत बोलते, घरी आली की सासऱ्यांशी अहिराणीत आणि नवऱ्याशी मराठीत, तेही गरजेपुरतं. नवऱ्याच्या ग्रुपमध्ये ती नव्हती. घरात जे मोठ्यानं चालू आहे ते पुन्हा मोबाइलवर कशाला वाचायचं, असा तिचा सवाल होता.

एप्रिल महिन्यातली गोष्ट. नव्या धोरणाच्या प्रशिक्षणातून सर नुकतेच परतले होते. तिथं त्यांनी इतके प्रश्न विचारले होते की चहावाल्याला चहा परत गरम करून आणावा लागला. डोक्यात धोरण नुसतं घुमत होतं. तेवढ्यात उज्ज्वलाने स्वयंपाकघरातून हाक दिली.

"अहो, मृणालच्या शाळेचा मेसेज आलाय म्हणे. व्हॅनवाला सांगत होता. जरा बघता का?"

मृणालच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपचा आवाज सरांनी वर्षभरापासून बंद ठेवला होता. तिथं डबा हरवला, मोजा सापडला, असलं काही तरी चालायचं, आणि देशाचं शिक्षण बदलत असताना मोज्यांत कोण अडकणार. त्यांनी ग्रुप उघडला. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण पालकांना खरोखर कळावं असं काही असलं की मेसेज गुजरातीत यायचा. मेसेज असा होता: 'वालीश्री, नवा धोरण माटे आपनी संमति होय तो शनिवार सुधीमां ऑफिसमां जणावशो.'

म्हणजे, पालक हो, पुढच्या इयत्तेसाठी तुमची संमती असेल तर शनिवारपर्यंत ऑफिसात कळवा. कोण राहतंय, कोण जातंय, किती जागा रिकाम्या होतायत, एवढंच शाळेला जाणून घ्यायचं होतं.

सरांनी वाचलं: नव्या धोरणाला आपली संमती असेल तर कळवा.

इतकी वर्षं ते अद्ययावत राहिले, पण कुणी त्यांचं मत म्हणून विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा विचारलं, आणि तेही एका खासगी शाळेनं.

"काय आहे?" उज्ज्वलाने विचारलं.

"धोरणाचं आहे. मी बघतो."

धोरणाचं, म्हणजे पहिलीच्या प्रवेशाचं, असं उज्ज्वला समजली. पर्वत पाटियाला दिवस घालवणाऱ्या बाईला धोरण म्हणजे दुसरं काय असणार. एक काम तरी नवऱ्यानं अंगावर घेतलं म्हणून ती निश्चिंत होऊन भाकरीकडे वळली. एका शब्दावर नवरा-बायकोचं इतकं समाधान लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असावं.

सर लिहायला बसले. शुद्ध गुजरातीत लिहिलं, कारण मत द्यायचं तर त्या भाषेचा मान राखून द्यावं. सुरुवात अशी केली: 'नवा धोरण साथे हुं सिद्धांततः संमत नथी.' तत्त्वतः मी सहमत नाही. पुढे लिहिलं: 'उतावळे लादेलुं धोरण बाळकना हितमां नथी.' घाईनं लादलेलं धोरण बालकाच्या हिताचं नाही. आणि शेवट तर फारच जमून आला: 'पहेलां पायो पाको करो, पछी धोरण आपो.' मधल्या मजकुरात त्यांनी काय काय म्हटलं होतं ते कुणीही वाचलं नाही, तेव्हा आपणही सोडून देऊ.

थोड्या वेळात शाळेच्या आचार्य, म्हणजे मुख्याध्यापिका, गायत्रीबेन यांचं उत्तर आलं. आपल्यासारखे समजूतदार पालक फार थोडे असतात, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली पालकांचे अंगठे उठले, एकामागून एक. एका आईनं हात जोडलेले पाठवले. सरांनी त्या सगळ्याचा फोटो काढून 'शिक्षण अद्ययावत'वर टाकला.

दुसऱ्या दिवशी वसंत सरांनी विचारलं, "धोरणावर तुझं मत मागवलं त्यांनी? बालवाटिकेच्या पालकांचं?"

"पुरोगामी शाळा आहे, सर."

"असेल बुवा. आम्हाला तर बाकंसुद्धा विचारून देत नाहीत."

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी पुस्तकं घ्यायला तिघं गेले. खिडकीशी मगनभाई कारकून. गठ्ठे नावानं बांधून ठेवलेले. मृणालचा गठ्ठा त्यांनी पुढं सरकवला, तिनं दोरी सोडायच्या आत वरचं पुस्तक ओढून काढलं आणि चाळून म्हणाली, "पप्पा, हे माझ्याकडे आहे. यातला हत्ती मी रंगवला पण आहे."

"नवीन आवृत्ती असेल, बेटा," सर म्हणाले. "अभ्यासक्रमाची पुनर्रचना चालू आहे."

उज्ज्वलाने पुस्तक हातात घेतलं. "मगनभाई, आ तो बालवाटिकानी चोपडी छे."

"हा बेन. साहेबे ज ना पाडी ने, पहेला धोरणनी." पहिलीला साहेबांनीच नाही म्हटलं ना.

"कोण साहेब?"

मगनभाईंनी हात उघडा करून कुंदन सरांकडे दाखवला. देवाकडे दाखवतात तसा. मग मोबाइल काढला आणि मेसेज मोठ्यानं वाचला. आजूबाजूचे पालक ऐकू लागले. सरांनी आपलं लिखाण तेव्हा पहिल्यांदा बाप म्हणून ऐकलं. पहिलीला माझी संमती नाही. घाईनं लादलेली पहिली बालकाच्या हिताची नाही. आधी पाया पक्का करा, मग पहिली द्या.

"आचार्यबेन तर बीजा वालीओने पण देखाडे छे," मगनभाई कौतुकानं म्हणाले. दुसऱ्या पालकांनाही दाखवतात. "बधा कहे, आगळ मोकलो, आगळ मोकलो. एक आ साहेब निकळ्या जे कहे, रोको." सगळे म्हणतात पुढं पाठवा, हे एकटे निघाले जे म्हणाले थांबवा.

"आणि तिची जागा?" उज्ज्वलाने मराठीतच विचारलं. रागात तिची गुजराती सुटते.

जागा गेली होती. शनिवारीच गेली होती. यादीत नाव मागे लावून ठेवतो, खाली झाली तर फोन करतो, एवढं मगनभाई म्हणाले. तोवर बालवाटिका. हत्ती पुन्हा रंगवायचा.

परत येताना तिघं मोटारसायकलवरून डिंडोलीच्या पुलाकडे निघाले. मृणाल मध्ये बसून पुस्तकातल्या हत्तीला शिव्या देत होती. पूल चढताना उज्ज्वला म्हणाली, "तुम्ही म्हणालात धोरणाचं आहे."

"होतं ना धोरणाचंच."

"मी बघतो म्हणालात."

"बघितलं ना."



घरी आबांनी सगळं ऐकून घेतलं. रंगाच्या कामानं त्यांच्या नखांच्या कडा अजून निळसर आहेत, त्या नखांकडे बघत ते म्हणाले, "आख्या गावले शिकाडस, आन घरनी पोर बालवाडीमा नापास करी टाकी. आसा मास्तर मी नही देखा."

"आबा, बालवाडी नाही, बालवाटिका."

"हां. तठे नापास."

पुढचे काही दिवस सर सुरतभर फिरले. ज्या शाळांची ते ग्रुपवर चिरफाड करत, त्याच शाळांच्या बाकड्यांवर बाप म्हणून जाऊन बसले. कुठं प्रवेश संपले होते, कुठं मृणालची आणि पालकांचीही मुलाखत होती. एका ठिकाणी पालकांच्या मुलाखतीत शिक्षणविषयक विचार विचारले, आणि सरांनी ते सविस्तर सांगितले. तिथूनही काही फोन आला नाही.

शेवटी उज्ज्वलाने जेवताना सांगून टाकलं. "तुमच्या शाळेत घाला."

"आपल्या शाळेत?"

"आपलीच म्हणता ना तुम्ही सगळ्यांना."

"तसं नाही, पण एका बाकावर चौघं बसतात. वर्गातला एक पंखा वाजतो फक्त, फिरत नाही. आणि पोरं कशी आहेत माहीत आहे ना, उखाच्या पोराची भाषा ऐकली आहेस का तू?"

"हे सगळं उखाला सांगितलं होतं?"

सरांनी वरणाची वाटी पुढं ओढली. मृणालचं वर्ष वाचवायचं तर दुसरी वाट नव्हती.

शाळेच्या प्रवेशोत्सवाला मांडव होता, फुगे होते, वरून कुणी पाहुणे आले होते. नवी मुलं कपाळाला कुंकू लावून रांगेत बसली होती, त्यात मृणाल. पालिकेच्या शिक्षकानं स्वतःची मुलगी पालिकेच्या शाळेत घातली, ही बातमी वसंत सरांनी पाहुण्यांच्या कानावर घातली होती. पाहुण्यांनी कुंदन सरांना शाल दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. दोन शब्द सरांना कधी जमले नाहीत.

"मी नव्या धोरणाची अंमलबजावणी माझ्या घरापासून सुरू केली," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. मागच्या ओळीत उज्ज्वलाने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं भरून आलं. वसंत सर शेजारून हळूच म्हणाले, "पण तू तर लेखी असंमती कळवली होतीस ना रे?"

पाहुणे गेल्यावर उखा आला, पोराचा हात धरून. यावेळी त्यानं फक्त पोराला पुढं केलं. "हाईले बी घ्या, सर. तुमनी पोरशेजारी." त्याच्या मागे गल्लीतल्या अजून तीन-चार आया होत्या. त्यांना इतकी वर्षं सरांनी मातृभाषेची महती पटवून दिली होती आणि त्यांनी ती ऐकून घेतली होती. आज त्यांनी काही ऐकून घेतलं नाही, सरळ नावं घातली.

पहिलीचा वर्ग ज्योतीबेनचा. ज्योतीबेन 'शिक्षण अद्ययावत'वर सगळ्यात मागासलेल्या. एकही मसुदा त्यांनी वाचला नव्हता. त्या पोरांना मैदानात नेऊन काठीनं मातीत अक्षरं काढायच्या आणि पोरांना त्यावरून चालायला लावायच्या. याला काय म्हणतात ते सरांना इंग्रजीत ठाऊक होतं. ज्योतीबेनना ठाऊक नव्हतं, त्यामुळं त्यांचं अडत नव्हतं.

मृणालचं घरचं रूप बदललं. आधी ती शाळेतून यायची, दोन इंग्रजी ओळी म्हणायची, आणि आबा 'व्वा' म्हणून कूस बदलायचे. आता ती आबांच्या खाटेवर चढून बसायची. "आबा, हा स. सुकलालचा स." आबा बोटानं चादरीवर गिरवायचे आणि म्हणायचे, "हाऊ स कसाले वाकडा चालस? पेयेल शे का?" मग दोघं हसायचे. एका संध्याकाळी तिनं साडीच्या रिकाम्या खोक्यावरचं देवनागरी नाव एकटीनं वाचलं, आणि आबांनी तिला तेच खोकं पुन्हा पुन्हा वाचायला लावलं, जणू त्यात दर वेळी नवी बातमी येत होती.

बरोबर इतर ज्ञानही घरी येत होतं. "पप्पा, तुम्ही काय डोकं खाई ऱ्हायनात," असं ती एकदा जेवताना म्हणाली. वाक्य उखाच्या पोराचं होतं, पण इतकं योग्य जागी बसलं होतं की उज्ज्वलाने दुरुस्त केलं नाही. सर मात्र अस्वस्थ होत. गल्लीच्या तोंडाशी पिवळी व्हॅन हॉर्न देऊन जायची, तेव्हा ते हातातलं परिपत्रक सोडून खिडकीकडे बघत.

नवरात्र सरलं आणि एका संध्याकाळी फोन वाजला. मगनभाई. सरांनी स्पीकर लावला.

"देवरे साहेब, पहेला धोरणमां एक जग्या खाली थई छे. मृणालने मोकलवी छे?"

पहिलीत एक जागा रिकामी झाली होती, मृणालला पाठवायचंय का. याच फोनची सर जूनपासून वाट बघत होते. पिनाफोर कपाटात धुऊन घडी करून ठेवलेला होता, तोही त्यांनीच ठेवला होता. मृणाल आबांच्या खाटेवर बसून त्यांना ळ शिकवत होती, आणि आबांना तो जमत नव्हता.

"मगनभाई, एवुं छे के," सर म्हणाले, "एक शिक्षक तरीके जुओ, तो सिद्धांततः..."

"साहेब, मेसेज ना लखता. हा के ना, एटलुं ज बोलो."

शिक्षक म्हणून त्यांना हो म्हणता येईना. बाप म्हणून ना म्हणता येईना. आयुष्यात पहिल्यांदा कुंदन सरांकडं एका प्रश्नावर मत नव्हतं. त्यांनी उज्ज्वलाकडे बघितलं. ती म्हणाली, "काय म्हणता?"

"मला वाटतं..." सर म्हणाले. मग खाटेकडे बघितलं. आबांचा ळ चादरीच्या काठावरून खाली घसरला होता आणि मृणाल त्यांचं निळसर बोट धरून तो वर आणत होती. सरांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पण फोन त्यांनी तिच्या हातात दिला, एवढं नक्की.

"ना, मगनभाई," उज्ज्वला म्हणाली. "अने आ वखते समजीने ना छे." या वेळी समजून-उमजून नाही.

पलीकडे मगनभाई बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. ती जागा मागच्या नावाला गेली असणार.

"कोना फोन व्हता?" आबांनी खाटेवरून विचारलं.

"काही नाही, आबा," उज्ज्वला म्हणाली. "धोरणाचं होतं. मी बघितलं."